शब्द जसेच्या तसे

पाळणाघरातली 'ताई'ची नोकरी सांभाळून मी बालशिक्षणाचा परदेशी कोर्स लॅपटॉपवर ऑनलाइन करते. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ड्युटीत अभ्यास करताना दिसलीस, तर घरी बसायचं."

आज ड्युटी संपल्यावर कोर्सचं शेवटचं निरीक्षण होतं. एका मुलाचा खेळ बघायचा, त्याचे शब्द फॉर्मवर जसेच्या तसे लिहायचे, खाली बाईंची सही घ्यायची. बाई पलीकडच्या खोलीत खोळंबल्या होत्या.

मी पाळणाघरातल्या छोटीला निवडलं होतं. रंगपेटी उघडून ती त्यातल्या वड्यांवर टकाटका बोटं आपटत होती. मी लिहिलं, 'पियानो वाजवते.'

तेवढ्यात मान वर न करताच तिने बाहुलीला दटावलं, "रडू नकोस गं! ताईचा अभ्यास चाललाय ना!"

फॉर्मवर एकच रकाना उरला होता: मूल कोणाची नक्कल करत आहे?

मी 'पियानो' खोडला, छोटीचे शब्द उतरवले, रकान्यात 'माझी' लिहिलं आणि फॉर्म बाईंच्या पुढ्यात ठेवला.