मान

“आख्खं गाव आपल्याला मान देतं,” गिऱ्हाइकाची हनुवटी वर करत म्हातारा न्हावी म्हणायचा, आणि फेसाआडून गिऱ्हाईकही हसायचं. हात थरथरू लागले तशी खुर्ची मुलाकडे आली. मग कोणीतरी शिंप्याचा गळा चिरला. पोलीस आले, गेले. हाती कोणी लागलं नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकं केस कापले की उठतात. “दाढी घरीच करतो,” म्हणतात, आणि गावभर दाढ्या वाढत चालल्यात. मुलगा ऐकतो, आरसा पुसतो. रविवारी त्याने नेहमीसारखं बापाला अंगणात बसवलं, फेस लावला, वस्तरा उघडला. “अण्णा, मान द्या.” म्हाताऱ्याने हनुवटी छातीला टेकवली आणि गळ्याभोवतीचा टॉवेल दोन्ही हातांनी आवळला. “आज राहू दे. थंडी वाजतेय.” ऊन डोक्यावर आलं होतं. म्हातारा टॉवेल सोडेना, तेव्हा मुलाने वस्तरा मिटला आणि बापाच्या गालांवरचा फेस तळहाताने पुसून काढला.