पहिल्या अंकातलं मरण

रंगभूमीवर मरण यावं यासारखं भाग्य नाही, असं मोठमोठे नट गंभीर चेहऱ्याने सांगतात. पण ते पहिल्याच अंकात यावं, अशी इच्छा त्यांतल्या एकानेही आजवर बोलून दाखवलेली नाही.

नायकाला आलं ते नेमकं पहिल्या अंकात. तालमीच्या हॉलमध्ये बाई नवं नाटक वाचून दाखवत होत्या. सगळ्यांच्या भूमिका त्या एकाच सपाट आवाजात वाचत. त्याच आवाजात त्यांनी वाचलं, "नायक जिन्यावरून पडतो. मरतो. पडदा."

सगळ्या कंपनीने नायकाकडे पाहिलं. नायक हा कंपनीचा नायक होताच, शिवाय बाईंचा नवराही होता.

बाई लहानपणी मुलग्याचं काम करायला म्हणून कंपनीत आल्या आणि पुढे नायिका झाल्या. नायिकेला रडण्याखेरीज काही काम नसतं हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःच नाटकं लिहायला घेतली. ती चालली. तेव्हापासून कंपनीत एक समजूत पक्की होती: बाई रागावल्या की बोलत नाहीत, लिहितात.

पुरावे भरपूर होते. म्हाताऱ्याची कामं करणाऱ्या नटाने एकदा बाईंच्या नाटकाला नुसतं 'बरं आहे' म्हटलं, तर पुढच्या नाटकात त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत चाकाच्या खुर्चीत बसवण्यात आलं. बाईंच्या धाकट्या बहिणीने नाटकाच्या नावावरून वाद घातला, तर तिच्या वाट्याला मुकी मोलकरीण आली.

दुसरा अंक सुरू झाला. त्यात डॉक्टर येतो, विधवेला धीर देतो. तिसऱ्या अंकापर्यंत हा धीर बराच वाढतो.

वाचन संपल्यावर मेहुणी नायकाच्या शेजारी येऊन बसली. "भावोजी, काय केलंत तरी काय?" तिने नेहमीच्या घोगऱ्या आवाजात विचारलं.

"काही नाही."

"काही न करणाऱ्याला ताई निदान दुसऱ्या अंकापर्यंत जगवते."

"अहो, मला बघा," म्हातारा नट गुडघा चोळत म्हणाला. "मी नुसतं 'बरं आहे' म्हणालो होतो. तुमचं प्रकरण त्याहून वरचं दिसतंय. माफी मागून टाका."

"कशाची?"

"ते तुम्हाला माहीत. मेलायत तुम्ही."

नायकाला माहीत होतं. महिन्यापूर्वी बाईंच्या कारकिर्दीवर लिहायला एक पत्रकार आला होता. बाई आंघोळीला गेल्या होत्या, चहा नायकाने केला, आणि चहाबरोबर जे बोलायला नको ते बोलून बसला. लेख छापून आला. नायकाने तो श्वास रोखून तीनदा वाचला. आपलं बोलणं सोडाच, त्यात आपलं नावही नव्हतं. त्याला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला.

पण पत्रकाराने छापलं नाही म्हणजे सांगितलं नाही, असं थोडंच आहे?

जेवणाच्या सुट्टीत तो मेकअपच्या खोलीत गेला. बाई आरशासमोर बसून पेन्सिलीला टोक काढत होत्या. हा संसार आणि ही कंपनी एकदम हातची गेली, तर आपल्याला जिन्यावरून पडण्यापलीकडे काय येतं, याचा हिशेब त्याने दारातच करून पाहिला होता. फारसं काही येत नव्हतं.

"अगं, बोलायचं होतं."

"संवाद वाढवून मागणार असाल तर मिळणार नाहीत."

"तसं नाही. त्या पत्रकाराला मी म्हणालो होतो की नाटकांच्या कल्पना... म्हणजे मूळ कल्पना... माझ्या असतात."

बाईंचा हात थांबला. "आणि?"

समोरून शब्द आला की पुढचं वाक्य टाकायचं, ही नायकाची आयुष्यभराची सवय. "आणि संवाद."

"आणि?"

"शेवटही मीच सुचवतो म्हणालो. तू ते फक्त उतरवून काढतेस. तुझं अक्षर सुरेख आहे, हे मात्र मी आवर्जून सांगितलं."

"अजून कोणाला सांगितलंय हे?"

"थिएटरच्या मॅनेजरला. आणि तुझ्या भावाला, पण त्याचा विश्वास बसला नाही." नायकाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "चुकलं माझं. तू म्हणशील तिथे जाऊन सांगतो की सगळं तुझं आहे. पेपरात छापून आणतो. काय हवी ती शिक्षा कर, पण इतक्या वर्षांच्या माणसाला असं चारचौघांत मारू नकोस गं."

बाईंनी पेन्सिलीवर फुंकर मारली. नाटकाचं बाड पुढ्यात ओढलं, पहिला अंक काढला आणि नायकाचं पहिलं वाक्य खोडलं. मग दुसरं. मग जिना.

"हे काय करतेयस?"

"मला यातलं काहीही माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "नायक आता पडदा उघडायच्या आधीच मेलेला असेल."

नायक खाली बसला.

"मग सकाळी पहिल्या अंकात का मेलो मी?"

"आपल्याकडे धड कोट एकच आहे," बाई खोडता खोडता म्हणाल्या, "आणि दुसऱ्या अंकात तो डॉक्टरला लागतो."