मागील सभेचे इतिवृत्त

"वाचू नोको, जमीर. सह्या घे."

अध्यक्ष सदाशिवरावांनी पेनासाठी हात पुढे केला. पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या या कृषी महाविद्यालयाचं नियामक मंडळ वर्षातून एकदा बसायचं. विषय शिक्षणाचा दर्जा. पहिलं काम ठरलेलं: मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं.

"साहेब, एकदा वाचतो ना. दोनच पानं हायेत."

"कायले? आपण सगळे होतोच ना तवा," प्राचार्य इंदुताई म्हणाल्या. तिसरे सभासद भीमसिंग पोह्यातले शेंगदाणे वेचत होते.

तिघांनी सह्या केल्या. जमीर कारकुनानं प्रोसिडिंग बुक मिटलं.

शेजारच्या वर्गात हजेरी चालू होती. सोळा झाला. सतरा वगळून अठरा पुकारला. मधल्या जागेत जमीरला हलकंच "हजर" ऐकू आलं. वर्षभर रोज येत होतं. सतरा नंबर त्याच्या फरहाचा. गेल्या वर्षी फवारणीच्या प्रात्यक्षिकाला सकाळी कपाशीत उतरली, संध्याकाळी यवतमाळच्या दवाखान्यात वारली. तिच्या ओढणीचा औषधाचा वास अजून घरातून जात नव्हता.

दुसरा विषय अभ्यासक्रमाचा.

"उद्या विद्यापीठाची समिती येऊन राह्यली," सदाशिवराव म्हणाले. "फवारणीचं प्रात्यक्षिक लावा. मान्यता टिकली पाह्यजे."

"साहेब, कीटकशास्त्र शिकवाले तीन वर्षांपासून कोणी नाही. हातमोजे नाहीत. बत्तीस लेकरं हायेत. थांबवा."

"याले प्राचार्य करा आता," भीमसिंग म्हणाले. इंदुताई हसल्या.

सदाशिवराव हसले नाहीत. "जमीर, फरहाच्या मागं तुले परमनंट कोणं केलं?"

"तुमीच, साहेब."

"मंग लिही. प्रात्यक्षिके समाधानकारक."

जमीरनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. चहा आणायला तोच उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आली. कपाशीच्या बांधावर बत्तीस मुलं पाठीवर पंप बांधून उभी होती. समितीच्या प्रमुखांनी आधी प्रोसिडिंग बुक मागितलं.

"पाहा ना, सर. एकूण एक ठराव सह्यांनिशी," सदाशिवरावांनी स्वतःच ते पुढे सरकवलं.

प्रमुख मागच्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचू लागले. चौथ्या ओळीला त्यांचा आवाज उतरला.

"कारकून जमीर यांनी सांगितले की हातमोजे नाहीत, शिकवणारा नाही, आणि त्यांची मुलगी फरहा आत्ता शेतात फवारते आहे, तिला उलट्या सुरू झाल्या आहेत, गाडी द्या. प्राचार्य म्हणाल्या, गाडी पाहुण्यांसाठी आहे. भीमसिंग म्हणाले, लिंबू चाटव. अध्यक्ष म्हणाले, सभा संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, आणि हे लिहू नको."

खाली कालची तारीख होती. 'वाचून कायम केले.' आणि तिघांच्या सह्या.