दोन बाळकृष्ण

कारखान्याचा पहिला भोंगा झाला, तरी विष्णुपंत सोवळं नेसून पाटावर खोळंबलेलेच. त्यांच्या बायकोने, सुनंदाने, तान्ह्या मधूची पितळी खेळणी आणि देव्हाऱ्यातले देव एकाच परातीत चिंचेने घासले होते. आता दोन बाळकृष्णांतला देव कुठला आणि विष्णुपंतांकडून मधूकडे आलेला खेळण्यातला कुठला, हेच तिला ओळखू येईना.

"रडतेस काय!" सासूबाई म्हणाल्या. "लहानपणी विष्णू देवच हवा म्हणून हटून बसायचा, म्हणून तस्साच दुसरा आणून दिला. मेल्याने आपटून आपटून त्याचं नाक चपटं केलं. चपट्या नाकाचा तो खेळण्यातला."

सुनंदाने दोघांना खिडकीशी उजेडात धरलं.

नाकं दोघांचीही चपटी होती, आणि विष्णुपंतांनी डोळे घट्ट मिटून जप सुरू केला होता.