बोलावणं

हुनान प्रांतातल्या गावी एकट्या राहणाऱ्या सूझेनबाईंच्या घरात त्यांच्या मुलाने, बोहंगने, कॅमेरा बसवला होता. शेन्झेनहून तो आईला मोबाइलवर बघायचा, पण नववर्षालाही घरी फिरकत नव्हता. शेवटी न राहवून एके सकाळी त्या कॅमेऱ्यासमोर जमिनीवर आडव्या झाल्या. त्याने कॅमेऱ्यातून किती हाका मारल्या, तरी हलल्या नाहीत.

संध्याकाळी बोहंग बायकोला घेऊन धावत आला. रडला, स्वतःच्या हाताने आईला पेज भरवली. दुसऱ्या दिवशी मात्र आईचे कपडे बॅगेत भरू लागला. "आई, वृद्धाश्रमात जागा मिळालीय. एकटीला कसं ठेवू गं तुला?"

"अरे, मी पडलेच नव्हते! तू यावास म्हणून मुद्दाम निजले होते रे!"

बोहंगने डोळे पुसले आणि बायकोला हळूच म्हणाला,

"बघ, पडलेलंसुद्धा आठवत नाही आता तिला."