गेली तरी चालेल अशी रायफल

"ही गेली तरी चालेल," असं म्हणून डेल्मरने चारांतली एक रायफल उचलली. त्याची बायको ऱ्होंडा कुत्र्याच्या बिस्किटांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचत होती.

"प्रथिनं भरपूर आहेत म्हणे," ती म्हणाली. "बटाटे न घेता परत आलास तर हीच वाढीन. वर मीठ."

खिंडीतला रस्ता बर्फाने बंद होऊन नऊ दिवस झाले होते. हरणं शहाणी, ती वादळाआधीच खाली निघून गेली होती. संकटासाठी डेल्मरची तयारी मात्र जय्यत होती. पहिली रायफल बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी, आणि तिसरीचा काय भरवसा, म्हणून चौथी. सगळ्या गहाणवटीच्या दुकानातून, स्वस्तात मस्त. चौघींना गोळ्या चार तऱ्हेच्या. एकीची दुसरीला चालेल तर शपथ! पण दर रविवारी तो त्यांना तेल लावून न्हाऊमाखू घालायचा, चर्च बुडलं तरी बेहत्तर. ऱ्होंडा राजम्याचं पोतं मागायची, तर हा म्हणायचा, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात घरी रायफल यायची.

अर्ध्या मैलावर वर्ना स्टकी राहायची. शहात्तर वर्षांची विधवा, एकटी. तिच्या तळघरात बटाटे, घेवडा, लोणच्याच्या आणि मांसाच्या बरण्या. "म्हातारी हत्ती पाळणार आहे वाटतं," असं डेल्मर सगळीकडे सांगत फिरायचा. आता गुडघाभर बर्फ तुडवत तो तिच्याच दाराशी आला. एकट्या बाईला चार बटाट्यांच्या बदल्यात बंदूक मिळतेय, म्हणजे उपकारच की तिच्यावर!

तिने दार उघडल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे बोल्ट मागे ओढून रायफल रिकामी असल्याचं दाखवलं. वर्नाने चष्मा सावरून आत डोकावून पाहिलं.

"बरं. ठेव तिकडे."

तिकडे, दारामागे, सात रायफली ओळीने उभ्या होत्या. एक तर चक्क पाद्रीबाबांची.

डेल्मरचा चेहरा खाडकन उतरला. "वर्नाबाई, ही नको असेल तर राहू दे. पण ऱ्होंडाच्या पोटात कालपासून काही नाही." बोलताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिला डबा देते, काळजी करू नकोस. पण मला एक सांग. बाकीच्या तीन घरी का ठेवल्यास?"

"अहो, त्या लागणार ना! वेळ काही सांगून येते का? एखादं भुकेलं माणूस आपल्या दारात येऊन उभं राहिलं, तर काय करायचं?"

"उभं आहे की," म्हातारी म्हणाली. "बूट झटक आणि आत ये."