नाव, गोत्र, तिथी

"कोणाचं करायचंय?" गुरुजींनी विचारलं.

"मुलीचं," चिंतामणी म्हणाला.

रामेश्वरच्या अग्नितीर्थावर समुद्राला लाटा नव्हत्या. पाणी तळ्यासारखं पसरलं होतं. चिंतामणी ओल्या धोतरानं पाटावर बसला होता. शेजारी कुमुदिनी. तिच्या साडीतलं पाणी पावलांवर ठिबकत होतं. तिला थंडी वाजत नव्हती. ऊनही लागत नव्हतं.

मीनल गेली त्या दिवसापासून तिचं असंच झालं होतं. ती स्वयंपाक करी, पण भाजीत मीठ पडलंय की नाही ते तिला कळत नसे. दारावरची बेल वाजली तर ऐकू येई, पण उठावंसं वाटत नसे. अंबरनाथच्या त्यांच्या क्वार्टर्समधल्या बायका एकदा येऊन बसल्या. काय बोलावं ते त्यांनाही सुचेना. चहा घेऊन उठल्या.

चिंतामणी कारखान्यात अधिकारी होता. शिस्तीचा माणूस. मीनल गेली त्या संध्याकाळी त्यानं डोक्यावरून पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचा कॉलेजातला फोटो भिंतीवरून उतरवला. कपडे मोलकरणीला देऊन टाकले. त्यानंतर तिचं नाव घरात कुणी घेतलं नाही. मोठ्या मुलानं, मधूनं, एकदा जेवताना "मीनू" म्हणून सुरुवात केली आणि बापाच्या तोंडाकडे बघून पुढचं घासाबरोबर गिळलं.

दिवाळीनंतर मधूसाठी स्थळ सांगून आलं. बदलापूरची माणसं, कात्रपला फ्लॅट घेतलेला. "भावंडं किती?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी होती," चिंतामणी म्हणाला.

ती माणसं हळहळली. स्थळाकडच्या मुलीच्या आईनं कुमुदिनीचा हात हातात घेतला. कुमुदिनीनं तो घेऊ दिला.

पाहुणे गेल्यावर चिंतामणीनं दार लावलं. मग म्हणाला, "रामेश्वरला जाऊन येऊ, कुमुद. तिचं एकदाचं करून टाकू. त्याशिवाय सुटायचं नाही हे."

"बरं," ती म्हणाली. ती हल्ली सगळ्यालाच बरं म्हणत होती.

गाडी समुद्रावरच्या पुलावर आली तेव्हा डब्यातल्या बायकांनी हात जोडले. पलीकडे बेट दिसत होतं, नारळाची झाडं दिसत होती. बाकीच्यांनी जोडले म्हणून कुमुदिनीनंही हात जोडले. आदल्या दिवशी देवळातल्या एकेका कुंडावर स्नान झालं. कठड्यावर उभा राहून एकजण डोक्यावर बादली ओतत होता. दर कुंडाचं पाणी वेगळं लागतं, म्हणे. तिला सगळं एकच लागलं. गाभाऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा काय मागायचं तेच आठवेना. मागच्या बाईनं ढकललं तशी ती पुढे सरकली.

"मुलगी विवाहित का अविवाहित?" गुरुजी विचारत होते. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं, पण मराठी स्वच्छ होतं. "विवाहित असेल तर गोत्र सासरचं लागेल."

"अविवाहित," चिंतामणी म्हणाला. "गोत्र आमचंच. काश्यप."

कुमुदिनीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या भाताच्या गोळ्याकडे बघत होता.

"नाव?"

चिंतामणीनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. शेवटी गुरुजींनी कुमुदिनीकडे पाहिलं.

"मीनल," ती म्हणाली.

वर्ष होत आलं होतं तिला हे नाव घेऊन. स्वतःच्याच आवाजात ते ऐकलं आणि तिच्या छातीत कुठंतरी दुखलं. तिला एकदम जाणवलं की पाय गारठलेत.

"तिथी?"

"वैशाख शुद्ध नवमी." हे मात्र चिंतामणीनं चटकन सांगितलं.

गुरुजींनी बोटांवर काही मोजलं. पळीत पाणी घेतलं. मग थांबले. "कशाने गेली? आजार होता का काही? अपमृत्यू असेल तर विधी वेगळा आहे, म्हणून विचारतो."

चिंतामणी बोटातलं दर्भाचं पवित्रक नुसतं फिरवत राहिला.

"रिक्षानं," कुमुदिनी म्हणाली.

"अरेरे." गुरुजींनी मान हलवली. "अपघात."

"अपघात नाही. रिक्षात बसून गेली. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. सिंध्याच्या घरी दिलीय— म्हणजे आम्ही नाही दिली, तिचं तिनंच केलं लग्न. तिची मैत्रीण भेटली होती मला मंडईत. बरी आहे म्हणाली."

गुरुजींच्या हातातली पळी तशीच राहिली.

"कुमुद," चिंतामणी पुटपुटला. त्यात राग नव्हता. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा तो तिच्याकडे बघत होता.

तिनं त्याचा हात ओढून घेतला. बोटातलं पवित्रक हळूच काढलं आणि वाळूवर ठेवलं. त्यानं काढू दिलं.

"उठा," ती म्हणाली. "सातवा लागलाय तिला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं."